व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला

मी ह्यूस्टनजवळ एका छोट्या कंपनीत आहे, मंगळावर जाणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला हवा आणि प्यायला पाणी कसं पुरवायचं, हे आमचं काम. गावी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग रॉकेट कधी सुटणार? अहो रॉकेटशी माझा काडीचा संबंध नाही, माझा दिवस व्हॉल्व्ह, पंखे आणि लघवीपासून बनवलेल्या पाण्यात जातो.

तर त्या दिवशी चाचणीसाठी चौघं चेंबरमध्ये, म्हणजे यानासारख्या हवाबंद खोलीत, बंद होते आणि बोलण्यात आम्ही मुद्दाम जाताना १० येताना १० मिनिटं उशीर लावलेला (खऱ्या मंगळाला मेसेज पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, तो कुठे आहे त्यावर). जेवून येतो तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढतोय. एरवी २-३ मिलिमीटर (पाऱ्याचा दाब) असतो, उघड्या हवेत तर ०.३ च, आणि इथे ४ च्या पुढे. एका व्हॉल्व्हला बंद व्हायची कमांड गेलेली, पण साहेब अर्ध्यातच अडकलेले. काय झालं असणार ते कळलंच. हा वायू झिओलाइटचे बारीक मणी शोषून घेतात, मग ते तापवून तो बाहेर सोडायचा, पण मणी एकमेकांवर घासून भुकटी होते आणि ती व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. स्पेस स्टेशनलाही हाच त्रास झालाय.

आम्ही आधी कुठला पाइप बंद करायचा यावर वाद घालत मेसेज टाइप करतोय, आणि गंमत म्हणजे स्क्रीनवरचा आकडाही १० मिनिटं शिळा! आमचं उत्तर आत पोचायच्या आधीच त्यांचा मेसेज आला, व्हॉल्व्ह खोलला, साफ करतोय, दोघांचं डोकं दुखतंय. आतली एकजण आधी सबमरीनवर होती, तिने सगळ्यात पहिलं काय केलं तर ट्रेडमिल बंद करून बाकीच्यांना गप पडून राहायला लावलं, कारण व्यायाम करणारा माणूस कितीतरी जास्त वायू सोडतो. आमच्या यादीत हे नव्हतंच. अर्थात यानात नुसतं पडून भागत नाही, वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही, पंखा बंद पडला तर स्वतःचाच उच्छ्वास तोंडाभोवती साचतो.

संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला. सेफ्टीवाला मात्र तोवर दाराशी उभाच, एक बटण दाबलं की चौघं बाहेर. ते बटण यानात कुठून आणणार?

नंतर मीटिंगमध्ये एकाने विचारलं, लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे का नाही न्यायचे, अपोलोसारखे? मी तिथेच हिशोब मांडला, एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढा शोषायला १ किलोहून थोडी जास्त पावडर, चौघांचे १००० दिवस धरले तर ४ टनांच्या वर, आणि ती एकदा वापरली की कचरा. म्हणजे मणी आणि त्यांची भुकटी काही सुटत नाही. २००९ मध्ये स्टेशनवरचं लघवी शुद्ध करायचं यंत्र कॅल्शियम सल्फेटने तुंबलं, हाडांतून जाणारं कॅल्शियम लघवीत उतरतं ना, तेव्हा नवा भाग शटलने वर नेता आला, ४०० किलोमीटर म्हणजे तसं जवळच, मंगळाच्या वाटेवर ते जमणार नाही.

आता माझी मागणी एवढीच की अख्खे व्हॉल्व्ह जोडीने नेण्यापेक्षा आत हाताने खोलता येतील असे करा आणि सील, स्प्रिंग वगैरे सुटे न्या. डिझाइनवाले म्हणतात खोलायला जागा ठेवली की यंत्राचा डबा मोठा होतो. यावर अजून भांडण चालू आहे.