आमची वाटचाल : ११२ नंबरचा मॉड

आमचा कारखाना मॉड बनवतो, म्हणजे व्हेपचा (ई-सिगारेटचा) सेल बसतो तो भाग. तो एका जुन्या मॅन्युअल लेथवर उभा राहिला. तो लेथ दादांनी निवडला होता. दादा म्हणजे माझे पहिले भागीदार, वयाने माझ्याहून बरेच मोठे, सगळं आयुष्य टर्नर म्हणून काढलेलं. स्वतः त्यांनी कधी व्हेप केलं नाही, पण ५१० चा आटा (मॉडवर वाफेची टाकी फिरवून बसवायचा) त्यांच्याइतका स्वच्छ कापणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सात मिलिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर पिच. टॅप, म्हणजे आटे पाडायचं तयार हत्यार, मारला की काम दोन मिनिटांत होतं. दादा मात्र सिंगल पॉइंट टूलनेच कापायचे आणि शेवटचे दोन कट अगदी हलके घ्यायचे. मग कापसाचा छोटा बोळा आट्यांवरून फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी म्हणायचे, "बर राहिलीय रे, परत लाव चकात." बर म्हणजे कापल्यावर उरणारी धातूची बारीक धार.

२०१३ साली आम्ही पहिला मेकॅनिकल मॉड विकला. तांब्याची नळी, खाली बटण, आत एक १८६५० आकाराचा लिथियम सेल. त्यात चिप नाही, म्हणून काही बिघडलं तर वीज तोडणारं आत काहीच नसतं. जे काय सांभाळायचं ते बनवणाऱ्याच्या हातानेच सांभाळायचं. म्हणून बटणाचा इन्सुलेटर आम्ही पहिल्या दिवसापासून पीक (PEEK) या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा वापरला. पीक वितळायला ३४३ अंश लागतात. सेल बिघडून गॅस सोडू लागला तर तो बाहेर जायला तळाला तीन भोकं, आरपार, आणि प्रत्येक भोक आतून डीबर केलेलं. विकण्याआधी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये दोनदा धुवायचा, कारण कटिंग ऑइलचा वास उरला की आमची लाज गेली. मग नंबर कोरायचा.

९ नंबर घेतला एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी. महिन्याभरात त्यांचं पानभर पत्र आलं. तेव्हा आमच्या बटणात चुंबक होते. काकांनी लिहिलं, साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे ताकद सोडायला लागतो, सेल तापला की तुमचं बटण आत चिकटेल, स्प्रिंग लावा, पण त्या स्प्रिंगमधून करंट जाऊ देऊ नका. दादांनी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बटणाचं ड्रॉइंग बदललं. काकांच्या ९ नंबरमध्ये आणि पुढच्या प्रत्येक मॉडमध्ये काकांचं स्प्रिंग आहे.

११२ नंबर मीच पॅक केला होता. ऑर्डर अनोळखी नावाने होती, एकच नग हवा होता. मी सवयीप्रमाणे हाताने आभाराची चिठ्ठी लिहून आत ठेवली. पुढे काही महिन्यांनी एका ग्राहकाने मला चीनमधल्या शेनझेनहून निघणाऱ्या घाऊक मालाचा फोटो पाठवला. ट्रेमध्ये ओळीने आमचेच मॉड. तोच आकार, पकडीसाठी कोरलेलं तेच खडबडीत नर्लिंग, तेच आमचं चिन्ह, आणि प्रत्येकावर नंबर ११२. आमच्या एकाच्या किमतीत त्यांचे सात येत होते. मी ती चिठ्ठी लिहिली होती हे मला अजून सलतं.

कोणी म्हणेल, नक्कल झाली म्हणजे माल चांगला आहे. ज्याने रात्र-रात्र जागून ड्रॉइंग केलंय त्याला हे सांगू नये. स्वस्त घेणारा माणूस तसाही आमचा ग्राहक नव्हता, तो गेला म्हणून आम्ही बुडालो नाही. आम्हाला बुडवलं ते आमच्या नावाने. एक दिवस पार्सल आलं. आत जळका मॉड आणि चार ओळी : "तुमच्या वस्तूने माझा तळहात भाजला." नंबर ११२.

दादांनी तो मॉड हातात घेतला, काही न बोलता कानशीचा एक हात मारला. वरचा तांब्याचा मुलामा गेला आणि खालून पितळ दिसलं. पितळेची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम पाव पट असते, म्हणजे तेवढाच करंट नेताना नळी जास्त तापणार. इन्सुलेटर डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा होता, तो पावणेदोनशे अंशांच्या आसपास वितळतो. वितळून एका बाजूला ओघळला होता, बटण नळीला टेकून तसंच अडकलेलं. आणि तळाची तीन भोकं? दादांनी सुई घातली, ती आत जाईना. भोकं नव्हतीच. दिसायला म्हणून तीन खळगे मारले होते. सेलमधला गॅस जाणार कुठून? खळगा आणि भोक यातला फरक फोटोत दिसत नाही. तळहातालाच कळतो.

आम्ही त्या माणसाला खरं ते कळवलं. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पण आमच्या सर्वांत मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने ऑर्डर रद्द केली, आणि काही महिन्यांनी त्याच्याच दुकानात ११२ नंबरचा माल विकायला ठेवलेला आम्हाला कळला. हे मी विसरणार नाही. दुसरा लेथ विकला. चार महिने मी घरी पैसे नेले नाहीत. दादा दिवसा दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी आमच्या लेथवर उभे राहायचे.

अशाच एका संध्याकाळी दादांनी आमचा एक मॉड आणि तो जळका मॉड उभे कापले, बरोबर मधोमध, आणि शेजारी-शेजारी ठेवले. मी फोटो काढून जुन्या प्रत्येक ग्राहकाला पाठवले. पहिलं उत्तर काकांचं आलं. त्यांनी चार मॉडचे पैसे आगाऊ पाठवले होते, आणि लिहिलं होतं, घाई करू नका. त्या पैशातून तांब्याचा बार आला.

त्यानंतरची वर्षं ठीक गेली. २०१६ च्या ऑगस्टपासून व्हेपच्या वस्तूंसाठी अमेरिकेचे नवे नियम लागू झाले, कागदपत्रांचा बोजा आमच्यासारख्यांवर पडला, नकला करणाऱ्यांनी तो उचललाच नाही. २०१९ मध्ये तिथे व्हेप करणाऱ्यांत फुप्फुसाच्या आजाराची लाट आली. टीएचसीच्या (गांजातल्या नशेच्या घटकाच्या) बेकायदा कार्ट्रिजमध्ये तेल पातळ करायला घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी तिचा घट्ट संबंध असल्याचं निघालं. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ६८ माणसं गेली. त्या कार्ट्रिजही हुबेहूब पाकिटातून विकल्या जायच्या. आमचा त्या मालाशी काडीचा संबंध नव्हता, तरी फोन आमच्याकडेही आले.

नवीन बनवणाऱ्या पोरांना सांगतो. फोटो टाकायच्या आधी डिझाइनची नोंदणी करा. बऱ्याच देशांत एकदा उघड झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत. आम्ही उलटं केलं. आणि एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात चालत नाही, हेही लक्षात ठेवा. वापरणाऱ्यांनो, गणित करा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल (द्रव तापवणारी तार) ०.२ ओहम, म्हणजे २१ अँपिअर. तुमच्या सेलची सतत करंट देण्याची क्षमता त्याहून भरपूर जास्त नसेल तर ती कॉइल लावू नका. वेष्टनावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, वेष्टन कोणीही बदलतो. सेलची प्लास्टिकची साल फाटली असेल तर नवी चढवा, ती अगदी क्षुल्लक खर्चात मिळते. आणि आमच्या नावाचा मॉड कोणी स्वस्तात दिला तर आधी तळाच्या भोकात सुई घालून बघा.

११२ नंबर आम्ही यादीतून कायमचा खोडलाय. कापलेले ते दोन अर्धे लेथच्या वर खिळ्याला टांगलेले आहेत. दादांच्या डोळ्यांना आता कट दिसत नाही, ते बसून फक्त कापसाचा बोळा फिरवतात. काकांचा ९ नंबर परवाच पोस्टाने आलाय, बटणाचं स्प्रिंग बदलायला. नळी काळी पडली आहे, पण आटे अजून पहिल्यासारखेच फिरतात.