चार नंबरची काच

टेप लावला, काटकोन बघायला गुण्या लावला, जिन्याच्या रेलिंगच्या त्या चार नंबरच्या काचेत एकही माप चुकलेलं नव्हतं आणि तरी ती बसत नव्हती. काम होऊन बरेच दिवस झाले पण बिलावरून फोन अजून चालूच आहेत, म्हणून लिहून काढतोय. काचेच्या लाइनमधलं कोणी वाचत असेल तर सांगा चूक कोणाची ते.

साइट नाशिकच्या गंगापूर रोडची. बंगला, हॉलमधून गोल फिरत वर जाणारा आरसीसी जिना, त्याच्या बाहेरच्या अंगाला बेंड काचेचं रेलिंग, 12 एमएम टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच. मी लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये फिल्म घालून चिकटवलेली, सांगितली होती, कारण टफन फुटली की सगळा चुरा खाली येतो आणि रेलिंगच्या जागी मोकळं भगदाड राहतं, लॅमिनेटेड तडकली तरी आतल्या फिल्मला धरून जागेवर उभी असते. पण रेट ऐकला आणि विषय संपला. मार्बलला पैसे असतात लोकांकडे, जीव वाचवणाऱ्या वस्तूला नसतात. शेवटी निदान वरून स्टेनलेस स्टीलचा सलग हँडरेल घ्याच म्हणून अडून बसलो, तेवढा घेतला.

जिना चढत जातो त्यामुळे असल्या रेलिंगचा पीस चौकोनी नसतो. उभ्या कडा ओळंब्यात, वरची आणि खालची कड जिन्याच्या चढाने तिरकी. हा तिरका आकार सपाट काचेवर आधीच कापायचा, कडा पॉलिश करायच्या, काच धरणाऱ्या स्टडची होलं पाडायची आणि मग काच भट्टीत. तिथे 600 डिग्रीच्या वर तापवून वाकवतात आणि लगेच दोन्ही अंगांनी हवेचा मारा. त्यानंतर तिला कटर नाही, ड्रिल नाही, लावलं की भुगा. साइटवर 'थोडी घासून घ्या ना भाऊ' म्हणणारा एक तरी मिस्त्री भेटतोच, त्याला हात जोडायचे आणि पुढे जायचं.

माप म्हणाल तर शटरिंगवाल्याचा गोल हा त्याच्या मनातला गोल असतो, ड्रॉइंगमधला नाही. म्हणून प्रत्येक पीसला दोन टोकांत दोरी ताणून मधला राइज, म्हणजे दोरीपासून कमानीचा फुगवटा, मोजायचा आणि त्यावरून त्रिज्या काढायची: दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले राइजची आठ पट, त्यात अर्धा राइज मिळवायचा. दोरी 1200 एमएम आणि राइज 90 आला तर त्रिज्या 2045. तोच राइज 85 वाचला तर 2160! पाच एमएमला डोळा चुकला की काच दुसऱ्याच कोणाच्या तरी जिन्याची होते. शिवाय माप आतल्या अंगाचं की बाहेरच्या तेही लिहायला लागतं, 12 एमएम जाडीमुळे एवढ्या पीसच्या आतल्या आणि बाहेरच्या कमानीत 7 एमएमचा फरक पडतो. मी चारही पीसच्या हार्डबोर्डच्या टेम्प्लेट कापल्या, आत-बाहेर मार्कर मारला, आणि म्हटलं ह्याच पाठवू. आर्किटेक्टच्या ऑफिसमधला पोरगा म्हणे नको सर, कॉम्प्युटरवर कॅडमध्ये काढून डायरेक्ट फॅक्टरीला मेल करतो, प्रोफेशनल वाटतं. टेम्प्लेट माझ्या शेडमध्ये पडून राहिल्या.

काच मुंबईकडून आली. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले, टेम्पोवाला भलतीकडून फिरून आला तरी माल सुखरूप. एक पीस साधारण 36 किलो, वजनाचं काही नाही, पण तिरकी आणि शिवाय वाकलेली काच सक्शन कपने धरली की तोल भलतीकडेच जातो, धरणारी पोरं मुरलेली लागतात. एक, दोन, तीन नंबर असे बसले की हात फिरवला तर जॉइंट लागू नये. चौथी उचलली आणि पोरं थांबली. चढ बरोबर धरला तर फुगीर बाजू जिन्याकडे, फुगीर बाजू हॉलकडे घेतली तर काच चढायच्या ऐवजी उतरायला लागली.

मग सगळ्यांना सल्ला सुचला. सुपरवायझर म्हणे वरची बाजू खाली घ्या, घेतली, तसंच. मालकांचे मेहुणे म्हणे टोकं बदला. अहो, टोकं बदलली काय आणि खालीवर केली काय, ते एकच फिरवणं आहे, तिरका पीस अर्धी गिरकी घेऊन परत तिरक्याचा तोच तिरका. घरी कागदाची तिरकी पट्टी कापून बघा, आत वळवली तर एका जिन्याची, बाहेर वळवली तर उलट्या जिन्याची, आणि कापताना दोन्हीची मापं सेम. आर्किटेक्ट फोनवर म्हणाले हीट देऊन उलटी नाही का वळवता येणार? मी गप्प बसलो. मालकांच्या आई सोफ्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अरे डाव्या पायातली चप्पल आहे ती, उजव्यात कशी जाईल?" त्या हॉलमध्ये भूमिती कळलेल्या त्या एकट्याच.

कारण मला लोगोवरून सापडलं. टफनचा शिक्का काच सपाट असतानाच कोपऱ्यात मारतात, भट्टीत तो कायमचा बसतो. तिन्ही काचांवर तो फुगीर बाजूने सरळ वाचता येत होता, चौथीवर फुगीर बाजूने उलटा. म्हणजे काच भट्टीत पालथी गेली. कापणी बरोबर, होलं बरोबर, फक्त वाकवताना पाठीऐवजी पोटावर. फॅक्टरीला फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'हमारे यहाँ ड्रॉइंग के हिसाब से बराबर है'. ड्रॉइंग मागवलं. पहिल्या तीन पीसच्या शीटवर 'व्ह्यू फ्रॉम आउटसाइड' लिहिलेलं, चौथा पीस दुसऱ्या शीटवर आणि तिथे ती ओळच नाही. ऑफिसचं म्हणणं तीनवर लिहिलंय तर चौथा वेगळा कसा असेल, अक्कल नको का? फॅक्टरीचं म्हणणं, लिहिलं नाही ते आम्ही धरत नाही.

वास्तुशांत तोंडावर होती. चौथ्या जागी प्लाय ठोकला, वर झेंडूच्या माळा सोडल्या, पाहुण्यांना ती डिझाइनच वाटली म्हणे. नवीन पीस नंतर आला, या वेळी टेम्प्लेट मी स्वतः टेम्पोत घालून पाठवली आणि तो पहिल्या झटक्यात बसला.

पैसे मात्र अडकलेत. मालक म्हणतात एकाच काचेचे देणार, बरोबरच आहे. आर्किटेक्टचं ऑफिस फोन उचलत नाही. फॅक्टरीला मी लोगोवरूनच धरलं होतं की बाबांनो काच तुमच्याकडेच पालथी झाली, तर परवा त्यांचा मॅनेजर म्हणतो, लोगोला काही नियम नाही, पोरं हाताला येईल त्या बाजूला शिक्का मारतात. खरं असेलही. मग बाकीचे तीन एकाच बाजूने कसे आले विचारलं तर म्हणाला साहेबांशी बोलून सांगतो.