कॅमेरा दारातच थांबला

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला राहते म्हटलं की पुण्याहून पहिला प्रश्न ठरलेला, "अंगकोर वाट पाहिलंस का?" पाहिलं, आणि ते सुंदर आहेच. पण गेल्या आठवड्यात इथल्या बोफाना या चित्रफितींच्या संग्रह-केंद्रात दिग्दर्शक रिथी पान्ह यांचा 'एस-21' हा 2003 चा माहितीपट पाहिला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

तुओल स्लेंग इथे आलेला प्रत्येक जण बघतोच. शाळेचा तुरुंग केलेला, एस-21 हे त्याचंच सांकेतिक नाव. किमान 12,000 माणसं आत गेली, मोजकीच जिवंत राहिली. ख्मेर रूज म्हणजे पोल पॉटची कम्युनिस्ट राजवट, 1975 ते 1979. तिच्या पावणेचार वर्षांत देशभरात सुमारे 17 ते 20 लाख लोक मेले. त्यांत पान्ह यांचे आईवडीलही होते. ते स्वतः तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. अशा माणसाने त्या तुरुंगातले पहारेकरी शोधून काढले, त्याच इमारतीत परत आणले, जुन्या नोंदवह्या आणि फोटो समोर ठेवले आणि विचारलं, तुमचं रोजचं काम काय असायचं? कारण विचारलं की माणूस हुकमाच्या आड लपतो. काम विचारलं की सांगत सुटतो.

एक पहारेकरी, पोरवयात भरती झालेला, रिकाम्या वर्गाच्या दाराशी येतो. कुलूप काढल्यासारखं करतो आणि त्याची रात्रपाळी सुरू होते. कोणावर तरी खेकसतो. कोणाची बेडी चाचपतो. एकाला लघवीचा डबा नेऊन देतो, दुसऱ्याला पाणी. पुन्हा दम भरतो, बाहेर येतो, दार लावतो. खोलीत चिटपाखरू नाही. पण त्याचा हात जिथे थांबतो तिथे माणूस झोपलेला आहे हे आपल्याला दिसायला लागतं. पंचवीस वर्षं उलटली तरी अंगात ते काम जसंच्या तसं भिनलेलं.

आणि कॅमेरा आत जात नाही. दाराबाहेरून, खिडकीतून बघत राहतो. आत गेलो असतो तर कैद्यांच्या अंगावरून चाललो असतो, असं पान्ह यांनी नंतर सांगितलं आहे. हे वाचून मी उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. जे लोक तिथे नाहीत, ज्यांची हाडंही कुठे आहेत ते घरच्यांना ठाऊक नाही, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून एक दिग्दर्शक उंबऱ्याशी थांबतो! आपल्याकडे जळक्या घरात बूम घेऊन घुसणारे आणि "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारणारे आठवले, आणि राग आला.

वान नाथ हे त्या तुरुंगातून वाचलेले चित्रकार. पोल पॉटची चित्रं काढता येतात म्हणून जगले. माहितीपटात ते पहारेकऱ्यांसमोर बसतात, आवाज न चढवता तपशील विचारत जातात. आम्हीही बळीच होतो, असं पहारेकरी म्हणू लागतात, तेव्हा नाथ विचारतात, मग माझ्यासारखे कैदी कोण? नाथ 2011 साली गेले. ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटले चालवणारं न्यायालय इथे 2006 मध्ये सुरू झालं. म्हणजे त्याआधी तीन वर्षं हे प्रश्न विचारून झाले होते.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, उकरून काय मिळतं?"

अठ्ठेचाळीसात, गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं जाळली गेली तेव्हा, आमच्या आजोळचा वाडा जळाला, एवढं सांगितलं की वाचणाऱ्यांना पुढचं कळेल. त्या जाळपोळीची इथल्या संहाराशी तुलना करायची नाही. तसं करणं हा इथल्या मेलेल्यांचा अपमान होईल. पण गप्प बसणं मला ओळखीचं आहे. काडी कोणी लावली हे गावात सगळ्यांना माहीत, बोलत कोणी नाही. आणि गांधीजींच्या खुनाबद्दल आमच्या घरातही कुणी कधी चार शब्द बोललं नाही, तेही तितकंच खरं. घरच्यांची बाजूही समजून घ्या. त्याच गावात राहायचं होतं, बांधाला बांध लागून होता, पुढे एकमेकांच्या लग्नांत पंगती उठल्या. गप्प बसून त्यांनी गाव टिकवलं, असं मी आजवर मानत आले आणि अजूनही थोडं मानते.

पण इथेही मारणारे आणि वाचलेले एकाच गावात, एकाच पॅगोडात दिसतात. तरी कोणीतरी विचारलंच ना?

मामा त्या रात्री सात वर्षांचा होता. मे महिन्यात मी गावी येतेय. त्याच्याजवळ बसणार आहे, आणि आळीतले त्याच्या वयाचे जे दोघे-तिघे अजून आहेत त्यांच्याकडेही जाणार आहे, दोन्ही बाजूंचे. लोक कुठल्या वाटेने आले, रॉकेल कोणाच्या घरातून आलं, आगीतून आधी काय बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोण कोणाशी बोललं. एवढंच विचारणार. मामा नको म्हणाला तरी.