आमची वाटचाल : साउथवोल्ड, समुद्र आणि पबमधलं निवांत जेवण

आमची फर्म अगदी छोटी आहे, मी, माझा नवरा आणि एक व्हॅन, बस्स. लंडनला मुलांकडे आलेले आईबाबा, सासूसासरे, कधी इथेच राहणाऱ्या मराठी फॅमिलीज, ह्यांना आम्ही एका दिवसासाठी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकच्या किनाऱ्यावर साउथवोल्ड ह्या छोट्या गावाला घेऊन जातो. लाइटहाउस, पिअर म्हणजे समुद्रात आत गेलेला धक्का, बीचवरच्या रंगीबेरंगी लाकडी खोल्या सगळं दाखवतोच, पण ट्रिपचा मेन भाग म्हणजे तिथल्या जुन्या पबमधलं जेवण आणि तिथे कोणालाही घाई करायची नाही हा आमचा पहिल्यापासूनचा नियम.

सुरू करताना बऱ्याच जणांनी सांगितलं की लोकांना स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड एकाच दिवसात हवं असतं, तेच करा, चालेल. पण साठीपासष्टीच्या माणसांना कोचमधून उतरवायचं, फोटो काढायला लावायचे आणि परत चढवायचं हे मला पटतच नव्हतं. साउथवोल्ड निवडायला अजून एक साधं कारण होतं, तिथे ट्रेन जात नाही. १८७९ साली सुरू झालेली छोटी रेल्वे १९२९ मध्ये बंद पडली आणि आता हेल्सवर्थ किंवा डार्शमला उतरून पुढे बस नाहीतर टॅक्सी बघावी लागते, त्यामुळे मुलं ऑफिसला गेलेली असताना आईबाबा आपले आपले तिथे पोचतील हे अवघडच. म्हणजे आमच्यासारख्यांची खरी गरज तिथे होती. आठच माणसं नेतो कारण तेवढ्यांसाठी प्रायव्हेट हायरचं, म्हणजे आधी बुक करायच्या टॅक्सीचं लायसन्स चालतं, त्याच्यावर गेलं की वेगळं ऑपरेटर लायसन्स लागतं, आणि खरं सांगायचं तर आठजण एका टेबलावर मावतात, सगळ्यांशी गप्पा होतात, मला तेच आवडतं.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ फोनवर समजावण्यात गेला. "अहो पबमध्ये कशाला, आम्ही घेत नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. आपल्याकडे पब म्हटलं की अंधार, कानठळ्या बसवणारं म्युझिक असंच डोळ्यासमोर येतं. इथला गावातला पब म्हणजे आपल्या गावचा पार आहे हो. आजोबा पेपर वाचत बसलेत, कोणाचं कुत्रं टेबलाखाली झोपलंय, लहान मुलं चिप्स खातायत, दोन बायका नुसता चहा घेऊन तासभर बोलतायत. न पिणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. आत येताना पदर सावरून कोपरा बघणाऱ्या काकू अर्ध्या तासात शेजारच्या टेबलावरच्या आजींना नातवंडांचे फोटो दाखवत असतात, हे मी स्वतः बघितलंय आणि त्यासाठीच हे काम करते.

आम्ही बहुतेक वेळा लॉर्ड नेल्सनमध्ये जातो, ईस्ट स्ट्रीटवर, बाहेर पडलं की चार पावलांवर समुद्र. जागा लहान आहे म्हणून आधी फोन करून ठेवायचा. बिअर गावातलीच, अ‍ॅडनम्सची. जॉर्ज आणि अर्नेस्ट अ‍ॅडनम्स ह्या भावांनी १८७२ साली इथली ब्रुअरी घेतली आणि आजही ती गावाच्या मध्यात, लाइटहाउसच्या जवळच आहे, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य भिजत असलं की वास रस्त्यावर येतो. २००६ पर्यंत गावातल्या पबना बिअर घोडागाडीतून पोचवायचे! ब्रॉडसाइड नावाची त्यांची गडद बिअर आहे, तिचं नाव १६७२ मध्ये ह्याच समुद्रात डच आरमाराशी झालेल्या लढाईवरून आलंय. ज्यांना हलकी हवी त्यांना मी ३.७ टक्क्यांची साउथवोल्ड बिटर सुचवते, तीही हाफ पिंट घ्या म्हणते. नवरा ड्रायव्हिंगला असतो, तो फक्त लेमोनेड.

ही बिअर बघायला मी सगळ्यांना मुद्दाम काउंटरपाशी नेते, नाहीतरी ऑर्डर तिथेच जाऊन द्यायची असते. काउंटरवर उंच दांड्याचा हँडपंप असतो, दांडा सावकाश ओढला की खालच्या तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते, त्यात वेगळा गॅस भरलेला नसतो, पिंपातच ती शेवटची आंबते. म्हणून ती फ्रिजसारखी गार नसते, ११ ते १३ डिग्रीच असते आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. पिणारे काका पहिल्या घोटाला हमखास म्हणतात "गरम आहे की!" आणि दुसऱ्या घोटाला गप्प होतात, कारण आता चव कळायला लागलेली असते.

व्हेज लोकांना एक गोष्ट मी आधीच सांगते. बऱ्याच पारंपरिक पिंपातल्या बिअरमध्ये ती नितळ व्हावी म्हणून आयझिंगलास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. हे ऐकून एकदा सातपाटीकडचे एक काका एकदम सरसावून बसले, "आमच्याकडे घोळ माशातून भोत काढतात, तेच ना? सोन्याच्या भावानं जातं ते!" आणि मग पुढचा सगळा वेळ काका बोलत होते आणि बारमागचा मुलगा ग्लास पुसत ऐकत होता, मी मध्ये दुभाषी. तसंच तळणाचं, काही ठिकाणी चिप्स, म्हणजे इथले बटाट्याचे जाड फ्राइज, बीफच्या चरबीत तळतात, म्हणून बुकिंग करतानाच तेल कुठलं ते विचारून घेते. मासे खाणाऱ्यांचा प्रश्नच नसतो, कुरकुरीत कव्हरमधला कॉड नाहीतर हॅडॉक, वर माल्ट व्हिनेगर, बाजूला वाटाण्याचा लगदा. वाटाण्यावर घरून आणलेला लसणाचा ठेचा घेणारेही असतात, घ्या की!

कोविडमुळे २० मार्च २०२० ला सगळे पब बंद झाले आणि आमचंही बंद. सगळे पैसे परत केले, व्हॅनचे हप्ते चालूच होते, तो काळ फार वाईट गेला. ४ जुलैला पब उघडले पण आईबाबा कुठून येणार, पुढच्या एप्रिलमध्ये तर भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवरच गेला, म्हणजे तिथून पाहुणे म्हणून येणंच बंद. तेव्हा आम्हाला वाचवलं ते इथल्याच मराठी फॅमिलीजनी, ज्यांना गावी जाता येत नव्हतं. समुद्र बघून रडलेली माणसं बघितलीत मी त्या उन्हाळ्यात. त्यांच्यातल्या कित्येकांनी नंतर विमानं सुरू झाल्यावर आपापल्या आईबाबांना आमच्याकडे पाठवलं आणि जाहिरात आम्हाला आजपर्यंत करावी लागली नाही.

आता जेवणानंतर ब्लाइथ नदी ओलांडून वॉल्बर्सविकला जाणंही ट्रिपमध्ये घेतलंय, वल्ह्याची छोटी होडी आहे, एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली. हिवाळ्यात होडी नसते, मग आम्ही पबमध्येच जास्त बसतो, शेकोटीजवळचं टेबल मिळावं म्हणून बारा वाजायच्या आत पोचतो. गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळी सांगा, व्हॅन थेट पबच्या दाराशी आणतो.