आजोबांचं अक्षर, शिवणीची पेटी

आत्याच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं ते ठरलं होतं: आजोबांनी तिला सासरी पाठवलेली पोस्टकार्डं ठेवायला लाकडी पेटी, झाकणावर त्यांच्याच अक्षरात ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ आणि खाली सही. आजोबा मजकूर बाळबोधीत लिहीत, सही मात्र मोडीत करत. कार्डं आतेभावाने गुपचूप आणून दिली.

सुतारकाका सागाचं म्हणत होते. साग टिकतो, पण मुळातच तपकिरी. त्यावर लेझरने कोरलेली जळकी रेघ उठून दिसत नाही. शिवण या झाडाचं लाकूड फिकट पिवळसर, वजनाला हलकं आणि सहसा न वाकणारं, म्हणून ते घेतलं. पोस्टकार्ड 14 × 9 सेंटिमीटरचं. पेटी आतून 16 × 12 ठेवली, म्हणजे बोटं घालून गठ्ठा सहज उचलता येतो.

खरं काम अक्षराचं होतं. लेझरवाला म्हणाला, छानसा फॉन्ट टाकू, सुबक दिसेल. पण फॉन्टच हवा असता तर आजोबांची कार्डं कशाला शोधली असती? कार्ड 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केलं. निळी शाई आणि पिवळट कागद असला की स्कॅनमधला फक्त लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाचा थर, घ्यायचा. शाई गडद होते, कागद उजळतो. सहीवर टपालाचा शिक्का आला होता, तो झूम करून हाताने खोडला. शाई जिथे फिकी झाली होती तिथे मी काही भरलं नाही. ‘र्वा’वरचा रफार त्यांनी घाईत लांबवर ओढला होता, तोही तसाच ठेवला. वरच्या रेघा मात्र फार बारीक होत्या, लेझरखाली तुटल्या असत्या. म्हणून सगळं अक्षर दीडपट मोठं केलं.

झाकण बिजागऱ्या लावायच्या आधीच कोरून घ्यावं, सपाट फळीवर फोकस सगळीकडे सारखा राहतो. त्याआधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात आणि वर कागदी मास्किंग टेप, म्हणजे धुराचे डाग लाकडात उतरत नाहीत. टेप कागदीच हवी. पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म लेझरखाली जळली की आम्लधर्मी वायू सुटतो. माणसाला आणि मशीनला, दोघांनाही घातक. त्याच फळीच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या, कारण लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग जास्त जळतो आणि अक्षर खालीवर खोल जातं. आम्ही पॉवर कमी करून वेग जुळवला तेव्हा सहीचं वळण नीट उमटलं.

टेप काढून जुन्या टूथब्रशने काजळी झाडली आणि पॉलिशचा शेवटचा हात दिला. वास पूर्ण गेल्यावरच कार्डं आत ठेवली, तीही धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, कारण लाकडातली आम्लं कागदाला पिवळा करतात.

आत्याने सहीवरून बोट फिरवलं आणि थेट बाबांकडे वळली, “तुझ्याकडची कार्डं कुठे आहेत रे?” शिवणीची फळी उरली आहे, बाबांच्या पेटीला पुरेल.