बाळ ठणठणीत होतं, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नाही

मी मुंबईत लसीकरणाच्या सेशनला नर्स आहे, भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या आया येतात आमच्याकडे. मागच्या महिन्यातली एक केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

दहा आठवड्यांचं बाळ. या वेळी सुई एकच, डाव्या मांडीत पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, पोलिओ आणि जुलाबावरची रोटा तोंडात. टोचल्यावर बाळ कळवळलं की आईचा हात आपसूक पुढे येतो, अगदी नवखी असली तरी छातीशी धरते, काही जणी तर बाळाआधी स्वतःच रडतात. हिचा हात हललाच नाही. सासूने बाळ उचललं आणि ही समोरच्या पोस्टरकडे बघत बसली, राग नाही, दुःख नाही, चेहऱ्यावर काहीच नाही.

बाळ मात्र गुटगुटीत, वजन छान वाढलेलं, तीट लावलेली, मालिश करून अंग कसं चकचकीत. तिथेच सगळे फसतात. आमच्या रजिस्टरला वजन, लस, बॅच नंबर सगळ्याला रकाना आहे, आईच्या मनाला नाही.

सासूसमोर विचारून उपयोग नसतो, "बरी आहे" हे उत्तरही सासूच देते. लस झाल्यावर अर्धा तास बसवतोच, तेवढ्यात म्हटलं, मावशी, तापाचं औषध खिडकीवरून घेऊन या, रांग आहे जरा. मग तिच्या शेजारी बसले. "कशी आहेस" असं मी विचारतच नाही. विचारलं, "बाळ झोपलं की तुला झोप लागते का गं?"

"नाही सिस्टर. तो झोपला की मी त्याचा श्वास बघत बसते."

बाळासाठी रात्री उठावं लागतं ते वेगळं. पण बाळ गाढ झोपलंय, घरात सांभाळायला माणूस आहे आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही, हे लक्षण मी कधीच सोडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेक जणींचं आपोआप ओसरतं, इथे तर अडीच महिने होत आले होते. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा संशय तपासायला एडिनबरो स्केल म्हणून 10 प्रश्न आहेत, 1987 पासून वापरतात, मागच्या 7 दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं. शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. आमच्यातल्याच कितीतरी जणी तो टाळतात, विचारलं तर नको ते डोक्यात भरेल म्हणे. असं होत नाही हो, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मी नसले तर त्याला आजी आहेच की."

यानंतर "पुढच्या वेळी बघू" चालत नाही. डॉक्टर मॅडमनी रांग थांबवून तिला बघितलं, त्याच दिवशीची मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी दिली, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही लिहिलं, कारण त्यानेही बाई अशीच गळून जाते. निदान करणं माझं काम नाही, पण संशय घेणं आहे. नवरा नाईट करून झोपला होता, फोन केल्यावर तसाच उठून आला. त्याच्या मोबाईलमध्ये टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 मी उभ्या उभ्या सेव्ह करायला लावला, आणि तिला एकटीला ठेवायचं नाही हे दोनदा सांगितलं.

सासू म्हणाली, "आमच्या वेळेला नव्हतं असलं काही, नजर लागलीय." राग आला मला, पण पहाटे उठून शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू करणारी तीच बाई होती. तिला म्हटलं, मावशी, रात्री तिने पाजलं की बाळ तुम्ही घ्या, तिला सलग चार तास झोपू द्या. हे मात्र तिने लगेच ऐकलं.

औषध सुरू झालंय. दूध तोडावं लागेल या धास्तीने ती घेणारच नव्हती, तिथल्या डॉक्टरांनी पाजताना चालणारी गोळी दिली तेव्हा तयार झाली. काल चौदा आठवड्यांच्या लसीला आली, अजून कमीच बोलते, पण बाळ स्वतः धरून बसली होती.

ही निदान आली तरी समोर. कितीतरी बाळं आजीच घेऊन येते आणि आईला आम्ही बघतच नाही. आता मी प्रत्येक आजीला विचारते, आई कुठंय? कालच एक म्हणाली, "पडून असते, तिला काही करावंसंच वाटत नाही." पत्ता घेतलाय, आरोग्य सेविका आज दुपारी घरी जाऊन येणार आहे.