सेफेर तोराची दुरुस्ती आणि फॉर्मवरचे दोन रकाने

आमच्या मशिदीत (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, सिनेगॉगला म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतो) शब्बाथला (शनिवारच्या प्रार्थनेत) सेफेर तोरा, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, वाचता वाचता हझान (प्रार्थना चालवणारे) थांबले. वाव या हिब्रू अक्षराची शाई उडून पाय एवढा आखूड झालेला की वाव म्हणावं की आखूड पायाचं योद, कळेना. ३,०४,८०५ अक्षरांतलं एक जरी बिघडलं तरी अख्खा सेफेर पासूल (वाचायला बाद), म्हणून दुसरा काढला आणि हा बाद आहे हे कळावं म्हणून याच्यावर वरून पट्टा बांधला.

इस्राएलमधल्या सोफेरला (तोरा लिहिणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्याला) फोटो पाठवले, तो म्हणाला सेफेर घेऊन या, मी तिकीट बघायला लागलो आणि तिथेच अडकलो. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे आमचा सेफेर त्यात बसत नाही असं सर्टिफिकेट हवं. फॉर्मवर दोन रकाने, लिहिणाऱ्याचं नाव आणि वर्ष. दोन्ही कोरे ठेवले तर फॉर्म परत. 'माहीत नाही' लिहिलं, परत. तिसऱ्यांदा साहेबांना समजावून सांगितलं की सोफेर प्रत्येक शब्द आधी तोंडाने म्हणतो मग लिहितो, वर्षभर बसतो, पण चामड्यावर स्वतःचं नाव किंवा तारीख टाकत नाही, तोराच्या बाहेरचं एक अक्षर तिथे चालत नाही. ते म्हणाले, "मग अंदाजे टाका ना काहीतरी." ज्या सेफेरमध्ये एक अक्षर अंदाजे चालत नाही त्याच्याबद्दल मी अंदाजे लिहू? नाही लिहिलं. चार महिने गेले, अजून राग जात नाही. पण त्या न लिहिलेल्या नावाबद्दल मला तिथल्या बाकावर बसूनच जास्त आदर वाटायला लागला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी कोणी सोफेर मुंबईत येणार आहे का ते विचारा, मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणि कोकणच्या दमट हवेत सेफेर प्लास्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका.

शेवटी सोफेरच इकडे आला. त्याने आजूबाजूची अक्षरं कागदाने झाकली आणि माझ्या भाचीच्या मुलाला बोलावलं, जेमतेम अक्षरं ओळखणारा, कारण शंका असेल तर लहान मुलाचा शब्द धरतात. तो वाकून बघून म्हणाला, "योद." झालं, पासूलच. सोफेरने पिसाची लेखणी शाईत बुडवली, शब्द मोठ्याने म्हटला आणि पाय खाली ओढला. शाई वाळेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

पुढच्या शब्बाथला पट्टा सोडायला पप्पांनी मला पुढे केलं.